मुक्त स्रोत प्रकल्पांतील आचारसंहिता आणि देखभालकर्त्यांचे वाद

ज्या संगणक आज्ञावलींचा सोर्स कोड सर्वांना वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास खुला असतो, त्या मिळून घडवणाऱ्या व्यक्तींनी परस्परांशी कसे वागावे, याविषयी त्या त्या प्रकल्पाने लेखी स्वरूपात ठरवून घेतलेल्या नियमांना मुक्त स्रोत प्रकल्पाची आचारसंहिता असे म्हणतात. इ.स. १९९० च्या दशकात बहुतेक प्रकल्पांत असे लेखी नियम नव्हते. २००४ च्या सुमारास उबुंटूसारख्या प्रकल्पांनी त्यांचा आरंभ केला आणि २०१४ नंतर ते सर्वत्र रूढ होऊ लागले. अनेक मोठ्या प्रकल्पांनी आचारसंहिता स्वीकारली ती एखादा कटू वाद होऊन गेल्यानंतर. त्यामुळे या नियमांचा इतिहास हा बव्हंशी वादांचाच इतिहास आहे.

वरवर पाहता हा मूठभर तंत्रज्ञांचा घरगुती प्रश्न वाटतो. वस्तुतः तसे नाही. लिनक्स कर्नल हा अशाच प्रकल्पातून घडलेला गाभा अँड्रॉइडच्या प्रत्येक भ्रमणध्वनीत असतो आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिले ५०० महासंगणक त्याच्यावरच चालत आले आहेत. संगणकाच्या पडद्यावर देवनागरीतील जोडाक्षरे नीट जुळवण्याचे काम करणारी हार्फबझ ही आज्ञावलीही मुक्त स्रोत असून फायरफॉक्स, क्रोम व अँड्रॉइड तिचा वापर करतात. ज्या थोड्या व्यक्ती अशा आज्ञावली सांभाळतात त्यांच्यातील कलहाचा परिणाम त्यांची नावेही ठाऊक नसलेल्या कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचू शकतो.

देखभालकर्ता आणि त्याचा अधिकार

प्रकल्पात कोणते बदल घ्यावेत आणि कोणते नाकारावेत हे ठरवणाऱ्या व्यक्तीला मेंटेनर किंवा देखभालकर्ता म्हणतात. बाहेरून कोणीही सुधारणा पाठवू शकतो. अशा सुधारणेला पॅच, म्हणजे शब्दशः ठिगळ, असे नाव आहे. ठिगळ पाठवण्याची मुभा सर्वांना असली, तरी ते वस्त्राला लावायचे की नाही हे देखभालकर्ता ठरवतो.

हा अधिकार येतो कोठून, हा या विषयातील मूळ प्रश्न आहे. कार्यालयातील वरिष्ठाला नेमणूकपत्र असते आणि सहकारी संस्थेच्या अध्यक्षाला सभासदांची मते मिळालेली असतात. मुक्त स्रोत प्रकल्पाच्या देखभालकर्त्याकडे बहुधा यांपैकी काहीच नसते. अमेरिकन लेखक एरिक रेमंड यांनी १९९८ मध्ये या जगातील अलिखित रूढींचे वर्णन केले. त्यांच्या मांडणीनुसार प्रकल्पाची मालकी तीन मार्गांनी येते: तो स्वतः सुरू केल्याने, आधीच्या मालकाने सोपवल्याने, किंवा बेवारस पडलेला प्रकल्प उचलून घेतल्याने. या तिन्ही मार्गांत निवडणूक नाही, कार्यकाळाची मर्यादा नाही आणि पदावरून दूर करण्याची रीतही नाही. जो काम करतो त्याचा शब्द चालतो, इतकीच ती व्यवस्था होती.

लहान प्रकल्पाला एवढे पुरते. मात्र काम वाढून देखभालकर्त्यांची संख्या शेकड्यांत गेली, त्यांपैकी अनेक जण कंपन्यांचे पगारदार झाले आणि निरनिराळ्या देशांतील, कधी प्रत्यक्ष न भेटलेली माणसे केवळ ईमेलवरून एकमेकांचे दोष काढू लागली, तेव्हा अलिखित रूढी अपुऱ्या ठरल्या. ज्याने वर्षानुवर्षे उत्तम काम केले आहे तो इतरांशी वाईट वागला तर त्याला कोणी आणि कोणत्या अधिकाराने थांबवावे, याचे उत्तर त्या रूढींत नव्हते.

फाटा फोडण्याचा हक्क

या प्रश्नाचे जुने उत्तर असे होते की ज्याला पटत नाही त्याने वेगळे व्हावे. मुक्त स्रोत परवान्यानुसार कोणीही संपूर्ण कोड उचलून स्वतःचा स्वतंत्र प्रकल्प काढू शकतो. याला फोर्क, म्हणजे फाटा फोडणे, असे म्हणतात. हा हक्क देखभालकर्त्याच्या मनमानीवरील शेवटचा लगाम मानला जातो.

काही वेळा या लगामाने उत्तम काम केले. जीएनयू प्रकल्पाच्या जीसीसी या संकलकाची प्रगती मंदावल्याची तक्रार करणाऱ्या विकसकांनी १९९७ मध्ये ईजीसीएस नावाचा फाटा काढला. तो इतका सरस ठरला की १९९९ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्यालाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली. नोड.जेएस या प्रकल्पावरील जॉयेंट कंपनीच्या नियंत्रणाला कंटाळून २०१४ च्या अखेरीस आयओ.जेएस निघाला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये दोन्ही प्रवाह एकत्र येऊन चौथी आवृत्ती प्रसिद्ध झाली. डेबियनमध्ये मात्र तसे झाले नाही. संगणक सुरू होताना इतर सर्व सेवा सुरू करणारी आज्ञावली कोणती असावी, या वादात फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथील तांत्रिक समितीची मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडीची निवड झाली. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत समितीतील काही सदस्यांनी पद सोडले आणि विरोधकांनी देवुआन हा वेगळा प्रकल्प जाहीर केला. तो आजही स्वतंत्र आहे. डेबियनकडे १९९८ पासून लेखी घटना, निवडून येणारा प्रकल्पप्रमुख आणि सार्वमताची पद्धत होती. त्यामुळे वाद कडवट झाला, तरी निर्णय कोणी घेतला याविषयी संभ्रम राहिला नाही, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

फाट्याच्या हक्काला एक मोठी मर्यादा आहे. कोडची प्रत काढता येते. तो समजणाऱ्या माणसांची प्रत काढता येत नाही. लिनक्स कर्नलसारख्या प्रकल्पाचा फाटा काढून तो एकट्याने चालवणे व्यवहारात अशक्यप्राय आहे. अपमानित झालेल्या एकट्यादुकट्या योगदानकर्त्याला असला हक्क सांगणे म्हणजे त्याला दार दाखवणेच होय.

लिनक्स कर्नल

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स कर्नलचा आरंभ केला. पुढे कामाची उतरंड तयार झाली. प्रत्येक उपविभागाला देखभालकर्ते असतात, ते आलेली ठिगळे तपासून वर पाठवतात आणि अखेरचा स्वीकार टोरवाल्ड्स करतात. प्रत्येक नव्या आवृत्तीच्या आरंभी सुमारे दोन आठवडे नवीन गोष्टी घेतल्या जातात. त्यानंतरच्या साधारण सात आठवड्यांत केवळ दोषदुरुस्ती व्हावी असा दंडक आहे. चर्चा सार्वजनिक ईमेलद्वारे होत असल्याने प्रशंसा आणि पाणउतारा दोन्ही कायमचे नोंदले जातात.

टोरवाल्ड्स यांच्या भाषेचा तिखटपणा प्रसिद्ध होता. डिसेंबर २०१२ मधील एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. कर्नलमधील एका बदलामुळे वापरकर्त्यांच्या सुरळीत चालणाऱ्या आज्ञावली बिघडल्या आणि संबंधित देखभालकर्त्याने दोष त्या आज्ञावलींचाच ठरवला. त्यावर टोरवाल्ड्स यांनी त्याची जाहीर व अत्यंत कठोर शब्दांत हजेरी घेतली. त्यांचा मुद्दा बरोबर होता: कर्नल बदलला म्हणून वापरकर्त्याचे चालू काम मोडता कामा नये, हा लिनक्सचा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. परंतु योग्य मुद्दा आणि अपमानास्पद रीत एकाच पत्रात आल्याने पुष्कळांची अशी समजूत झाली की मुद्द्याची धार त्या रीतीमुळेच आहे. पुढील काही वर्षांचा वाद या समजुतीभोवतीच फिरला.

जुलै २०१३ मध्ये यूएसबी विभागाचे काम पाहणाऱ्या एका ज्येष्ठ विकसक व्यक्तीने सार्वजनिक चर्चेत सभ्य भाषेची मागणी केली. वरवरच्या सभ्यतेतून पाठीमागची कारस्थाने वाढतात, अशा आशयाचे उत्तर टोरवाल्ड्स यांनी दिले. ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या व्यक्तीने कर्नलचे काम सोडत असल्याचे जाहीर केले. दरम्यान मार्च २०१५ मध्ये प्रकल्पाने एक छोटा मजकूर स्वीकारला होता. त्याला संघर्षसंहिता असे काहीसे खोचक नाव देण्यात आले होते. तुमच्या कामावर कठोर टीका होईलच, मात्र कोणी व्यक्तिशः दुखावले गेल्यास तांत्रिक सल्लागार मंडळाकडे जावे, असा त्याचा सारांश होता. कोणते वर्तन अयोग्य, हे त्यात सांगितलेच नव्हते.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी चित्र पालटले. लिनक्स ४.१९ ची चौथी चाचणी आवृत्ती जाहीर करणाऱ्या पत्रातच टोरवाल्ड्स यांनी आपल्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली, इतरांच्या भावना समजून घेण्यासाठी आपण मदत घेणार असल्याचे लिहिले आणि कामातून काही काळ रजा घेतली. निमित्त मोठे विचित्र होते. देखभालकर्त्यांच्या वार्षिक बैठकीच्या तारखा चुकीच्या समजून त्यांनी त्याच दिवसांत कौटुंबिक सहलीची व्यवस्था केली होती. त्यांच्यावाचून बैठक घेण्याऐवजी ती व्हँकुव्हरहून एडिंबरा येथे हलवण्यात आली. आपल्यासाठी बैठकच हलवली जाते आणि आपल्या मनात मात्र ती टाळता आली असती तर बरे, असा विचार येतो, या विसंगतीने त्यांना अंतर्मुख केले, असे त्या पत्रावरून दिसते.

त्याच वेळी कर्नलने संघर्षसंहिता बाजूला सारून कॉन्ट्रिब्युटर कव्हेनंट ही आचारसंहिता स्वीकारली. कोरलाइन एडा एहमके यांनी २०१४ मध्ये तयार केलेला हा नमुना तोवर अनेक प्रकल्पांत रुळला होता. त्यात अपेक्षित आणि निषिद्ध वर्तनाची उदाहरणे आहेत. शिवाय नियम अमलात आणण्याची जबाबदारी देखभालकर्त्यांवरच टाकली आहे. टोरवाल्ड्स यांच्या अनुपस्थितीत ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी ४.१९ आवृत्ती पूर्ण केली आणि ऑक्टोबरच्या अखेरीस टोरवाल्ड्स परतले.

या बदलाला विरोधही झाला. काहींना भय वाटले की कामाची गुणवत्ता मागे पडून लेखकाच्या मतांची झडती घेतली जाईल. प्रकल्पाबाहेर केलेल्या वक्तव्यांवरूनही शिक्षा होईल काय, आरोप झालेल्याला आपली बाजू मांडता येईल काय, असे प्रश्न विचारले गेले. निषेध म्हणून आपला कोड परत घ्यावा अशीही भाषा झाली. पण ज्या परवान्याखाली तो दिला होता, त्याखाली तसे करता येत नाही असे बहुतेक जाणकारांचे मत पडले. सरसकट विरोध लवकरच ओसरला. दाद मागण्याविषयीचे प्रश्न मात्र रास्त होते, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये संहितेचा अर्थ स्पष्ट करणारे स्वतंत्र टिपण कर्नलच्या दस्तऐवजांत जोडले गेले.

बीकॅशएफएस प्रकरण

नियम लेखी असले की वाद मिटतात असे नाही, हे बीकॅशएफएस या फाइल व्यवस्थेच्या प्रकरणातून दिसून येते. संगणकाच्या तबकडीवर माहिती कशी मांडायची व कशी शोधायची, हे फाइल व्यवस्था ठरवते. तिच्यात दोष असला तर वापरकर्त्याची माहितीच नाहीशी होऊ शकते. केंट ओव्हरस्ट्रीट यांनी अनेक वर्षे खपून घडवलेली ही व्यवस्था जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.७ आवृत्तीद्वारे कर्नलमध्ये आली.

लवकरच दोन प्रकारचे खटके उडू लागले. पहिला वेळापत्रकाचा होता. केवळ दोषदुरुस्तीच्या काळातही ओव्हरस्ट्रीट मोठे बदल पाठवत. दुसरा भाषेचा होता. एका सहकारी देखभालकर्त्याला उद्देशून त्यांनी वापरलेल्या शब्दांची तक्रार आचारसंहिता समितीकडे गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तांत्रिक सल्लागार मंडळाच्या संमतीने ६.१३ आवृत्तीच्या काळापुरता त्यांचा सहभाग मर्यादित करण्यात आला. त्या आवृत्तीत त्यांचे बदल घेतले गेले नाहीत. लिनक्समध्ये आचारसंहितेखाली इतकी उघड कारवाई त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

जून २०२५ मध्ये जुना वाद पुन्हा पेटला. बिघडलेल्या फाइल व्यवस्थेतून वापरकर्त्यांची माहिती परत मिळवून देणारी एक नवी सोय ओव्हरस्ट्रीट यांनी ६.१६ च्या दुरुस्तीकाळात पाठवली. माहिती गमावून बसलेल्या माणसाला पुढील आवृत्तीपर्यंत थांबायला कसे सांगायचे, हा त्यांचा युक्तिवाद होता. टोरवाल्ड्स यांचे म्हणणे असे की ही दुरुस्ती नसून भर आहे, आणि नियम एकाला वेगळा व इतरांना वेगळा असू शकत नाही. त्यांनी ते बदल स्वीकारले. मात्र यापुढे दोघांचे मार्ग वेगळे होतील असेही कळवले. त्याप्रमाणे ६.१७ मध्ये बीकॅशएफएसवर बाहेरून सांभाळली जाणारी व्यवस्था अशी नोंद झाली आणि ६.१८ मध्ये तिचा कोड कर्नलमधून काढून टाकण्यात आला.

या वादात दोन्ही बाजूंनी वापरकर्त्याच्या हिताचाच दाखला दिला होता. एकाला माहिती गमावलेला वापरकर्ता दिसत होता. दुसऱ्याला घाईच्या बदलांमुळे उद्या ती गमावू शकणारे सर्वजण दिसत होते. तांत्रिकदृष्ट्या हा मतभेद सोडवण्याजोगा होता. परंतु देखभालकर्त्यांच्या उतरंडीत वरचा खालच्याचे काम प्रत्येक वेळी ओळ न ओळ तपासू शकत नाही. तो बव्हंशी विश्वासावर स्वीकारतो. तो विश्वास आटल्यावर कोडच्या गुणवत्तेने भरपाई होऊ शकली नाही. ज्यांनी आपली माहिती या व्यवस्थेत ठेवली होती त्यांना मात्र ती वेगळी बसवून घेणे भाग पडले.

रस्टविषयीचा वाद

कर्नल मुख्यतः सी या भाषेत लिहिलेला आहे. स्मृतीच्या गैरवापरातून होणारे दोष टाळणाऱ्या रस्ट या नव्या भाषेला डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीत प्रथम प्रवेश मिळाला. नवी भाषा शिकण्याचा व सांभाळण्याचा भार कोणी वाहायचा, हा प्रश्न त्यासोबत आला. ऑगस्ट २०२४ मध्ये रस्ट विभागाच्या एका देखभालकर्त्याने तंत्राशी संबंध नसलेल्या वादांना कंटाळून काम सोडले. २०२५ च्या आरंभी डीएमए विभागाचे देखभालकर्ते क्रिस्टोफ हेलविग यांनी त्या विभागासाठीच्या रस्ट कोडला विरोध केला. एकाच प्रकल्पात दोन भाषा आल्यास तो सांभाळणे अशक्य होईल, असे त्यांचे मत होते. अॅपलच्या संगणकांवर लिनक्स आणणारे हेक्टर मार्टिन यांनी समाजमाध्यमांवर जनमताचा दबाव आणण्याची भाषा केली, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्यांना कडक शब्दांत फटकारले आणि फेब्रुवारीत मार्टिन यांनी देखभालकर्त्याचे पद सोडले.

येथे गोष्ट संपली असती तर बंडखोराला गप्प बसवले एवढाच अर्थ निघाला असता. त्याच महिन्यात टोरवाल्ड्स यांनी हेलविग यांनाही मर्यादा दाखवून दिली. देखभालकर्त्याला आपल्या विभागातील कोडवर अधिकार आहे, परंतु तो कोड इतरत्र कोण कसा वापरतो यावर नकाराधिकार नाही, असा तो निवाडा होता. देखभालकर्त्याच्या सत्तेची सीमा इतक्या स्पष्टपणे क्वचितच आखली गेली आहे.

पायथन

पायथन भाषेचे जनक ग्विडो व्हान रॉसम यांना आजन्म उदार हुकूमशहा अशी विनोदी पदवी होती. पदवी विनोदी असली तरी अंतिम निर्णय खरोखरच त्यांचा असे. एका नव्या चिन्हाच्या समावेशावरून झालेला प्रदीर्घ वाद संपवून त्यांनी तो प्रस्ताव मंजूर केला खरा. पण निर्णयासाठी इतके झगडावे लागते आणि त्यानंतरही लोकांचा रोष सोसावा लागतो, याचा वीट येऊन जुलै २०१८ मध्ये त्यांनी ते स्थान सोडले. वारस त्यांनी नेमला नाही. विकसकांनी वेगवेगळ्या राज्यपद्धतींचे आराखडे मांडून त्यांवर मतदान घेतले आणि २०१९ च्या आरंभी पाच सदस्यांचे पहिले सुकाणू मंडळ निवडून आले. अधिकार व्यक्तीकडून संस्थेकडे गेला आणि काम एक दिवसही थांबले नाही.

एकाकी देखभालकर्ता

आचारसंहितेची चर्चा बहुधा बलवान देखभालकर्ता आणि दुबळा योगदानकर्ता असे चित्र डोळ्यांपुढे ठेवून होते. प्रत्यक्षात असंख्य महत्त्वाच्या आज्ञावली एकेकटी माणसे विनामोबदला सांभाळतात, आणि तेथे उद्धटपणाचा रोख उलट दिशेने असतो. फुकट मिळालेल्या वस्तूतील दोष तत्काळ दूर व्हावा असा तगादा लावणारे वापरकर्ते ही त्यांची नित्याची तक्रार आहे.

त्याचे सर्वांत गंभीर उदाहरण म्हणजे माहिती आटोपशीर करून साठवणारी एक्सझेड ही आज्ञावली. तिचे देखभालकर्ते लासे कोलिन यांनी २०२२ मध्ये आपल्या मानसिक अस्वास्थ्याचा आणि हे काम विनावेतन असल्याचा जाहीर उल्लेख केला होता. त्या सुमारास अनोळखी नावांनी त्यांच्याकडे बोचरी पत्रे येत होती: काम रेंगाळले आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. दुसरा कोणी समोर उभाच होता. जिया टॅन या नावाने वावरणारी ती व्यक्ती चिकाटीने उपयुक्त ठिगळे पाठवत होती आणि नेहमी सौम्य बोलत होती. कालांतराने तिला सहदेखभालकर्त्याचा अधिकार मिळाला. २०२४ च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये आलेल्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत तिने दूरस्थ संगणकांत चोरवाटेने शिरण्याची सोय दडवली. पोस्टग्रेस या विदागार प्रणालीवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना आपल्या संगणकावरील प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच खटकले. त्याचा माग काढत ते मुळापर्यंत पोहोचले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी ही गोष्ट जाहीर केली. तोवर त्या आवृत्त्या लिनक्सच्या काही वितरणांतच पोहोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

बोचरी पत्रे धाडणारी ती नावेही याच कटाचा भाग होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तो तर्क खरा धरला, तर येथे कठोर भाषा आणि गोड भाषा दोन्ही एकाच हेतूने वापरल्या गेल्या. सौम्य वर्तनाची अट जिया टॅनने पूर्णपणे पाळली होती. त्या पत्रांतील खोचकपणा मात्र तेव्हा कोणाला विशेष वाटला नाही, कारण अशी पत्रे देखभालकर्त्यांना नेहमीच येत असतात.

कोलिन यांनी प्रकल्प सोडला नाही. जिया टॅनच्या सर्व बदलांची छाननी करून दूषित भाग त्यांनी काढून टाकला आणि २९ मे २०२४ रोजी ५.६.२ ही स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध केली.